गुप्त रजिस्टर उघड्यावर: रुग्णालयांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
रुग्णालयं, प्रसूतिगृहं आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचे मालक, संचालक आणि तांत्रिक प्रमुख यांस
(प्रत माहितीसाठी: हे सॉफ्टवेअर विकत घेणारे सर्व डॉक्टर)

स. न. वि. वि.

मी मिरजेत राहते आणि डेटाबेसचं काम करते. रुग्णालय जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं घेतं, तेव्हा जुन्यातली माहिती काढून, निवडून-पाखडून नव्यात भरून द्यायची, हा माझा धंदा. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची टेबलं (माहिती साठवण्याचे तक्ते) मी आतून पाहिलेली आहेत. माहितीपत्रकावर कुलपाचं चित्र आणि 'बँकेसारखी सुरक्षा' असं छापलेलं असतं. आत 'पेशंट मास्टर' नावाच्या टेबलात आधार क्रमांक साध्या आकड्यांत, शेजारच्या रकान्यात मोबाइल, त्याच्या शेजारी एचआयव्ही तपासणीचा निकाल.

पत्र लिहायला निमित्त झालं ते एका बैठकीचं. एका प्रसूतिगृहासाठी नवं सॉफ्टवेअर तयार होत होतं. डॉक्टरांना सांगून कामाच्या यादीत मी एक ओळ घालून घेतली होती: आधार क्रमांक, निदान, एचआयव्हीचा निकाल आणि गर्भपाताची नोंद एवढी फील्ड (रकाने) ॲप्लिकेशनच्या मॉडेलमध्येच, म्हणजे माहिती डेटाबेसकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या भागातच, एन्क्रिप्ट व्हावीत (गुप्त आकड्याच्या किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत), डेटाबेसमध्ये फक्त सांकेतिक मजकूर जावा. शेवटच्या बैठकीत कंपनीच्या साहेबांनी ती ओळ खोडली. "नवा डेटा कायदा मे २०२७ मध्ये लागतोय मॅडम, तोवर वेळ आहे. पुढच्या व्हर्जनला घेऊ." डॉक्टरांना तेवढ्यात लेबर रूममधून बोलावणं आलं होतं, त्यांनी मान हलवली आणि त्या उठल्या. पुढचा विषय निघाला, बिलाच्या प्रिंटवर लोगो डावीकडे हवा की मधोमध. त्यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली.

एकाच कंपनीचा हा प्रकार असता तर मी फोनवर भांडून मोकळी झाले असते. पण 'पुढच्या व्हर्जनला' हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की उत्तर जाहीरच द्यावं म्हटलं.

यात माझं काय जातं, असं कुणी विचारेल. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरकडून, कर्नाटकातून पेशंट इथे येतात, आणि गावातले आम्ही तर सगळे कुठे ना कुठे नोंदलेलेच असतो. माझं स्वतःचं बाळंतपण अशाच एका टेबलात आहे. त्याहून अवघड गोष्ट कामातली. माहिती नव्या टेबलात नीट बसली की नाही, हे बघायला मला काही ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात. त्यात आडनाव ओळखीचं निघतं, मग पत्ता ओळखीचा निघतो, आणि पुढच्या रकान्यात असं काही दिसतं जे त्या बाईने सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसेल. नंतर ती बाजारात भेटते आणि हसून विचारते, कशी आहेस. मी कुणाजवळ काही बोलत नाही. पण तिचं गुपित माझ्या तोंडाच्या भरवशावर का राहावं? प्रोग्रामने एका किल्लीने मजकूर उघडून दुसऱ्या किल्लीने बंद केला असता, तरी माझं काम झालं असतं. मला तो दिसण्याचं काहीच कारण नव्हतं.

आधी मुदतीचं बघू, कारण तुमचा सगळा भर तिच्यावर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ऑगस्ट २०२३ मध्ये. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यात अठरा महिन्यांची सवलत आहे. इथवर तुमचं बरोबर. नियमांत एन्क्रिप्शन, मास्किंग (आकडे झाकणं), टोकन (खऱ्याच्या जागी पर्यायी क्रमांक) यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हेही तुम्हाला पाठ आहे. पण ती सवलत त्या एका कायद्यापुरती. तुमच्या टेबलातल्या रकान्यांना दुसरे कायदे आधीपासून लागू आहेत आणि त्यांना कुणी मुदतवाढ दिलेली नाही.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, अमलात आला १० सप्टेंबर २०१८ रोजी. त्याचं कलम ११ म्हणतं की अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने ती माहिती उघड होणार नाही यासाठी डेटा संरक्षणाचे उपाय करायचे आहेत. माहिती कोणत्याही स्वरूपात साठवलेली असो, तिच्यासाठी सुरक्षा व्यवस्था हवी आणि चुकल्यास जबाबदार कोण हेही ठरलेलं हवं. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५अ आलं. गर्भपात झालेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील अधिकार नसलेल्या माणसाला कळवला, तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नीट वाचा, डॉक्टरला. सॉफ्टवेअरवाल्याचं नाव तिथे नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला झोप लागते. मानसिक आरोग्य कायद्याचं गोपनीयतेचं कलम २३ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत, ज्यांत आरोग्यस्थिती आणि वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' म्हणून स्पष्ट नमूद आहेत. आणि आधार क्रमांक साठवायचाच असेल तर तो वेगळ्या 'व्हॉल्ट'मध्ये, एन्क्रिप्ट करून ठेवावा, बाकी सगळीकडे त्याच्या जागी संदर्भ क्रमांक वापरावा आणि किल्ल्या हार्डवेअरच्या सुरक्षित पेटीत ठेवाव्यात, असं परिपत्रक आधार प्राधिकरणाने काढलं ते जुलै २०१७ मध्ये.

गर्भपाताच्या किंवा एचआयव्हीच्या कायद्यात 'एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरा' असं लिहिलेलं नाही, मान्य. पण गुप्त ठेवा म्हटल्यावर उघड्या अक्षरांत ठेवणं कुठल्या अर्थाने बसतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि ही काही कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेली नवी टूम नाही. प्रसूतिगृहात काम केलेल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारा. गर्भपाताचं रजिस्टर हा गुप्त दस्तऐवज. त्यात नाव एकदाच, समोर अनुक्रमांक. त्यानंतर केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, कुठेही बाईचं नाव येता कामा नये, फक्त तो क्रमांक यायचा. संमतीपत्र पाकिटात घालून सील करायचं, वर 'गुप्त' लिहायचं आणि पाकीट रुग्णालय प्रमुखाच्या ताब्यात. आज परिषदांमधून तुम्ही ज्याला टोकनायझेशन म्हणता ते हेच. नाव एका जागी कुलपात, बाकी व्यवहार क्रमांकावर. शाई आणि लाखेच्या जमान्यात, एका सिस्टरच्या शिस्तीवर ते चालत होतं.

मग तुमचं सॉफ्टवेअर आलं. नाव, मोबाइल, आधार, गर्भपाताची तारीख, कारण, सगळं एका ओळीत, एका टेबलात. सोय झाली, एका क्लिकवर अहवाल निघायला लागला. पण कागदाने जे सांभाळलं होतं ते तुम्ही मोडलंत आणि त्याला डिजिटायझेशन म्हणालात. माझी मूळ तक्रार ही आहे. बाकीच्या तक्रारी तुमच्या उत्तरांबद्दल आहेत, कारण हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात.

'आमचा सर्व्हर सुरक्षित आहे, डिस्क एन्क्रिप्टेड आहे, साइटला कुलूप दिसतं.' ब्राउझरमधलं कुलूप रस्त्यापुरतं असतं. माहिती पोहोचली की त्याचं काम संपलं. डिस्कचं एन्क्रिप्शन कामाला येतं ते कुणी मशीन किंवा डिस्कच उचलून नेली तर. मशीन चालू असताना डेटाबेस प्रत्येक लॉगिनवाल्याला साधा मजकूर वाढतो. वेबपानातल्या त्रुटीतून कुणी क्वेरी (डेटाबेसला माहिती मागणारी आज्ञा) घुसवली तर त्यालाही. आणि बॅकअप? मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची नक्कल) काढला की डिस्क कितीही एन्क्रिप्टेड असो, बाहेर येते ती साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडते.

ती फाइल कुठे कुठे जाते, हे तर तुम्हीच मला दाखवलंय. रिसेप्शनच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह. डॉक्टरांच्या मुलाचं ड्राइव्ह खातं. बग सापडत नाही म्हणून सपोर्टचा मुलगा एनीडेस्कवरून (दुरून कॉम्प्युटर हाताळायच्या सॉफ्टवेअरवरून) अख्खा बॅकअप आपल्या लॅपटॉपवर ओढतो, बग सापडतो, बॅकअप तिथेच राहतो. पुढे तो मुलगा नोकरी बदलतो. तुमच्या टेस्टिंगच्या सर्व्हरवर खऱ्या पेशंटांची नावं मी पाहिली आहेत. इतक्या हातांतून जाणाऱ्या फाइलीत मजकूर वाचता येऊ नये, एवढंच मी मागतेय. त्यासाठी मजकूर डेटाबेसमध्ये शिरण्याआधीच बंद व्हायला हवा, म्हणजे ॲप्लिकेशनच्या मॉडेलमध्ये.

'आम्ही हॅश करतो.' हॅश म्हणजे मजकुराचा असा ठसा की ठशावरून मजकूर परत मिळत नाही. पासवर्ड हॅश करता ते ठीक, तो परत वाचायचा नसतो. निदान परत वाचावं लागतं, तिथे हॅशचा उपयोग नाही. आधार क्रमांक हॅश करणाऱ्यांनी जरा गणित करावं. आकडे बारा, पहिला शून्य किंवा एक नसतो, शेवटचा तपासणीचा, म्हणजे बाकीच्यांवरून ठरणारा. उरतात ८ हजार कोटी शक्यता. ऐकायला अफाट वाटतं, पण आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ या नेहमीच्या पद्धतीचे साधे हॅश सेकंदाला शेकडो कोटींनी काढतं. मिनिटभरात सगळे आधार क्रमांक चाचपून होतात. मोबाइल नंबर तर त्याच्याही आधी, तिथे शक्यता ४०० कोटीच. गुप्त किल्ली न घालता केलेला असा हॅश म्हणजे उघडा आकडाच समजा.

'महाग आहे, सगळं नव्याने लिहावं लागेल.' हे ऐकलं की मला सगळ्यात जास्त चीड येते. सॉफ्टवेअर ज्या तयार चौकटींवर बांधता त्याच बघा. रूबीच्या रेल्समध्ये डिसेंबर २०२१ च्या सातव्या आवृत्तीपासून मॉडेलमध्ये फील्डसाठी एक ओळ लिहिली की ते एन्क्रिप्ट होऊन साठतं. लाराव्हेलमध्ये कास्टच्या यादीत एक शब्द घालायचा. जँगोत ही सोय घरची नाही, पण स्वतःचा फील्ड प्रकार लिहिता येतो किंवा तयार लायब्ररी घेता येते. डॉटनेटवाल्यांना एंटिटी फ्रेमवर्कमध्ये व्हॅल्यू कन्व्हर्टर आहे. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत सर्रास असतो तो एसक्यूएल सर्व्हर. त्यात २०१६ च्या आवृत्तीपासून 'ऑल्वेज एन्क्रिप्टेड' आहे आणि पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर ते फुकटच्या एक्स्प्रेसमध्येही मिळतं. खर्च आहे, नाही असं नाही. आधारचा बारा अक्षरांचा रकाना मोठा करावा लागेल. नवा रकाना जोडा, काही काळ दोन्हीकडे लिहा, जुन्या नोंदी रात्रीच्या वेळी हळूहळू बंद करत न्या, मग जुना रकाना काढून टाका. आणि त्यानंतर जुने बॅकअप नष्ट करा, नाहीतर सगळं केलेलं पाण्यात. माझ्या अनुभवाने हे काम काही आठवड्यांचं आहे. लोगोच्या जागेपेक्षा जास्त, नव्या मॉड्यूलपेक्षा कमी.

'मग शोधता कसं येणार?' हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी निदान विचार केलेला असतो. नीट एन्क्रिप्ट केलेलं फील्ड दरवेळी वेगळं दिसतं, त्यामुळे त्यावर साधा शोध चालत नाही. पण शोध कशावर हवाय, हे आधी बघा. रिसेप्शनवर पेशंट शोधतात ते नावावर, मोबाइलवर, ओपीडी नंबरवर. निदानावर कुणी टाइप करून शोधत नाही. नाव उघडं ठेवा, माझी हरकत नाही. नावाला चिकटलेली गोष्ट बंद करा. आधारवर नेमका शोध हवाच असेल तर शेजारी वेगळ्या किल्लीने काढलेला हॅश, म्हणजे एचमॅक, ठेवा आणि त्यावर इंडेक्स (शोधसूची) लावा. पडद्यावर शेवटचे चार आकडे दाखवा.

इथे एक वाट सोपी वाटते आणि घात करते. शोध सोपा व्हावा म्हणून काही जण असं एन्क्रिप्शन वापरतात की सारखा मजकूर नेहमी सारखाच दिसतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये अडोबीचा डेटा फुटला, कोट्यवधी खाती. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण एकाच किल्लीने आणि अशाच पद्धतीने. ज्यांचा पासवर्ड एक, त्यांचा सांकेतिक मजकूर एक. शेजारी पासवर्डची आठवण करून देणारे इशारे उघडे. एन्क्रिप्शन न फोडता लोकांनी नुसत्या इशाऱ्यांवरून पासवर्ड ओळखले. आता एचआयव्हीचा रकाना डोळ्यांसमोर आणा. त्यात दोनच किंमती (व्हॅल्यू). ज्या किंमतीच्या ओळी थोड्या, ती कोणती हे कळायला किल्ली लागतच नाही.

तेवढ्यावर भागत नाही. बऱ्याच पद्धतींत सांकेतिक मजकुराची लांबी मूळ मजकुराइतकीच राहते. लॅबवाले लिहितात 'रिॲक्टिव्ह' किंवा 'नॉन-रिॲक्टिव्ह'. लांबी मोजली की निकाल हातात. म्हणून बंद करण्याआधी सगळ्या किंमती एकाच लांबीच्या करून घ्या. आणि रिकामा रकाना! गर्भपाताच्या तारखेचं फील्ड ज्या बायकांचा गर्भपात झाला त्यांच्याच ओळीत भरलेलं असेल, तर आत काय आहे ते वाचायची गरजच उरली नाही. 'लागू नाही' ही किंमतही तशीच एन्क्रिप्ट होऊन प्रत्येक ओळीत पडली पाहिजे, किंवा ही नोंद सरळ वेगळ्या टेबलात क्रमांकावर ठेवा, सिस्टर ठेवायच्या तशी. सांकेतिक मजकूर त्या ओळीच्या क्रमांकाशी बांधा, म्हणजे एकीचा निकाल उचलून दुसरीच्या ओळीत चिकटवता येणार नाही. हे बारकावे मी मुद्दाम लिहितेय, कारण उद्या तुमच्यातला कुणी 'केलं बघा एन्क्रिप्शन' म्हणून प्रमाणपत्र चिकटवेल आणि आत हाच गोंधळ असेल.

किल्लीबद्दल तर बोलायलाच नको, तरी बोलते. एका सॉफ्टवेअरमध्ये मला एन्क्रिप्शन सापडलं होतं, आनंद झाला. किल्ली त्याच सर्व्हरवर, त्याच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये होती, आणि त्या फोल्डरचा बॅकअप डेटाबेसच्या बॅकअपबरोबर एकाच झिपमध्ये जात होता. कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला प्रकार. वर तीच किल्ली कंपनीच्या सगळ्या ग्राहकांना. म्हणजे एका दवाखान्याची फाइल फुटली की सगळ्या दवाखान्यांचं कुलूप गेलं.

'दवाखान्याला कोण हॅक करणार?' नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्याने बंद पडले आणि इतक्या मोठ्या संस्थेचं काम कित्येक दिवस कागदावर चाललं. ते मोठं नाव म्हणून सोडून द्यायचं तर फिनलंडचं वास्तामो घ्या. मानसोपचार केंद्रांची एक साखळी. तिच्या नोंदी चोरीला गेल्या, एन्क्रिप्ट केलेल्या नव्हत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितल्याचं उघड झालं आणि मग पेशंटांना एकेकट्याला ईमेल गेले, पैसे द्या नाहीतर उपचारात बोललेलं सगळं जाहीर करतो. कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, वर ६ लाख ८ हजार युरोंचा दंड झाला. हा ईमेल आमच्या भागातल्या एखाद्या बाईला आला तर ती पोलिसांत जाईल असं तुम्हाला वाटतं? ती घरात कुणाला सांगणारही नाही. मागतील तेवढे पैसे भरत राहील. तुमच्या कानावरसुद्धा येणार नाही, आणि म्हणून तुमच्या लेखी असं काही घडलेलंच नसेल.

जवळचं उदाहरण हवं तर २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका लॅबचे ४३ हजार अहवाल इंटरनेटवर कुणालाही उघडता येत होते, त्यात एचआयव्हीचेही. तिथे अहवालांचं फोल्डरच उघडं होतं. तेव्हा टेबलातलं फील्ड बंद करून त्याच निकालाची पीडीएफ ओळीने क्रमांक दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवत असाल, तर तेही याच पत्रात धरा. लॉग फाइली, प्रोग्राममधल्या त्रुटीचा संदेश घेऊन जाणारे ईमेल, एक्सेलमधले अहवाल, तेही.

फील्ड एन्क्रिप्शनने सगळं सुटतं, असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे रिसेप्शनचा पासवर्ड आहे त्याला पडद्यावर दिसायचं ते दिसेलच. चालू ॲप्लिकेशनच कुणी ताब्यात घेतलं तर किल्लीही त्याच्या हातात जाईल. त्यासाठी कुणी काय उघडलं याची नोंद, कामापुरता अधिकार, वेगवेगळी लॉगिन हे सगळं लागतंच. पण हरवलेला पेनड्राइव्ह, लॅपटॉपवर राहिलेला बॅकअप, डेटाबेसचं लॉगिन हातात असलेला मुलगा आणि माझ्यासारखी माहिती हलवणारी बाई, एवढ्यांच्या डोळ्यांपासून ते वाचवतं. आपल्याकडे माहिती बाहेर जाते ती मला दिसते तेवढी तरी या चार वाटांनीच जाते.

माझ्या मागण्या अशा:

१. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, क्षयरोग, निदान, आधार ही फील्ड मॉडेलच्या पातळीवर एन्क्रिप्ट करा. पुढच्या व्हर्जनमध्ये नको, आत्ता चालू आहे त्यात.

२. आधार क्रमांक खरंच लागतो का, हे प्रत्येक ग्राहकाला विचारा. सर्दी-खोकल्याच्या पेशंटच्या नोंदणीला तो 'आवश्यक' का आहे? लागत नसेल तिथे फील्डच काढा. सरकारी योजनेसाठी लागत असेल तिथे तो वेगळ्या तिजोरीत, बाकी टेबलांत संदर्भ क्रमांक.

३. प्रत्येक रुग्णालयाची किल्ली वेगळी. ती डेटाच्या बॅकअपबरोबर कधीही जाणार नाही. ती बदलायची सोय पहिल्या दिवसापासून हवी. किल्ली हरवली तर माहिती कायमची गेली, हे डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगा आणि एक प्रत छापून, सीलबंद पाकिटात त्यांच्या लॉकरमध्ये ठेवायला द्या. त्या पाकिटाची सवय त्यांना आहे.

४. सपोर्टसाठी ग्राहकाचा खरा बॅकअप कार्यालयात आणणं बंद. खोट्या नावांचा नमुना डेटा तयार करायला एक दुपार पुरते.

५. करार संपला की जुने बॅकअप नष्ट केल्याचं लेखी पत्र.

६. कोणती फील्ड कोणत्या पद्धतीने बंद आहेत आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, हे एका पानावर मराठीत लिहून प्रत्येक डॉक्टरला द्या. ते पान लिहिता येत नसेल तर काम झालेलं नाही असं मी धरेन.

डॉक्टरांना एक विनंती. तुम्ही स्वतः तुमच्याच दवाखान्यात पेशंट म्हणून एक नोंद करा, त्यात काहीही निदान घाला. मग बॅकअप घ्या, सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवा आणि तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर, तुमच्या दवाखान्याची किल्ली न वापरता उघडायला सांगा. तुमच्या नावापुढचं निदान वाचता आलं, तर तुमच्या सगळ्या पेशंटांचंही वाचता येतं. कलम ५अ खाली उत्तर तुम्हाला द्यावं लागणार आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत ती ओळ कुणी खोडायला लागला तर लेबर रूमला दोन मिनिटं थांबायला सांगा. किंवा, थांबवता येत नसेल तर, आधीच सही करून ठेवा की ही ओळ खोडता येणार नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. ज्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये वरची फील्ड उघडी असतील त्यात माहिती भरून द्यायचं काम मी यापुढे घेणार नाही, आणि का घेत नाही ते रुग्णालयाला लेखी कळवीन. तुमचं उत्तरही लेखी यावं. बैठका पुष्कळ झाल्या.

कळावे.

आपली,
मिरजेची एक डेटाबेस कारागीर